एसीच्या डक्टमध्ये स्मोक डिटेक्टर बसवताना

एका खोलीत लागलेल्या आगीचा धूर एएचयूने (एसीची हवा थंड करून डक्टमध्ये, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या बोगद्यात, ढकलणाऱ्या यंत्राने) ओढून मजलाभर वाटू नये, यासाठी डक्ट डिटेक्टर असतो. धूर दिसताच तो पंखा थांबवतो आणि डॅम्पर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) बंद करायला लावतो. पंखाच बंद असेल तर डक्टमध्ये हवा फिरत नाही आणि डिटेक्टरला काहीच कळत नाही. म्हणून डक्टमध्ये एक लावला की छताचे वाचले, हा हिशेब चुकीचा आहे. छताचे डिटेक्टर आयएस २१८९ या भारतीय मानकाप्रमाणे लागतातच, डक्टमधला त्यांच्या जोडीला.

डिटेक्टरचा डबा डक्टच्या बाहेर राहतो. आत दोन नळ्या जातात. भोकांची लांब नळी हवेचा नमुना घेते, आखूड नळी तो परत सोडते. डब्यात पंखा नसतो, दोन नळ्यांमधल्या दाबाच्या फरकावरच हवा आतून फिरते. त्यामुळे बसवताना सगळे लक्ष या हवेच्या वाटेवर हवे.

जागा कुठे? सप्लायच्या (खोल्यांकडे जाणाऱ्या हवेच्या) बाजूला फिल्टरच्या पुढे, पण पहिली फांदी फुटण्याआधी. रिटर्नच्या (खोल्यांतून एएचयूकडे परतणाऱ्या हवेच्या) बाजूला, मजल्याची हवा सामायिक डक्टला मिळण्याआधी आणि बाहेरची ताजी हवा मिसळण्याआधी, नाहीतर धूर पातळ होऊन पोहोचतो. अमेरिकेच्या एनएफपीए ९०ए या मानकात डिटेक्टर कधी लागतो याची सप्लायसाठी २,००० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) वर आणि एकाहून जास्त मजल्यांच्या रिटर्नसाठी १५,००० सीएफएमच्या वर अशी मर्यादा आहे. आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा भाग ४ आणि तुमच्या इमारतीचा मंजूर नकाशा पाहा. नकाशात दाखवलेली जागा साइटवर परस्पर हलवू नका.

वळणापासून किंवा डॅम्परपासून डक्टच्या रुंदीच्या ६ ते १० पट सरळ अंतर सोडावे. ६०० मिमी रुंद डक्टला हे कमीत कमी ३.६ मीटर होते. गोव्यातल्या कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत किंवा पणजीच्या जुन्या इमारतीत इतका सरळ तुकडा मिळणे कठीण. मग मिळेल तो सर्वांत सरळ तुकडा घ्या आणि पुढे सांगितलेल्या मोजणीने खात्री करा. मोजणी टाळायची असेल तर ती जागाही टाळा.

नळी डक्टच्या रुंदीइतकी लांब घ्या, टोकाला बूच लावा. ९०० मिमीपेक्षा लांब नळीचे दुसरे टोक समोरच्या भिंतीतून बाहेर काढून आधार द्या. अधांतरी नळी थरथरते आणि तिचे बूड सैल होते. भोके हवा येते त्या दिशेला. नळी डब्यापासून दूर जाताना दर ३०० मिमीला साधारण ६ मिमी खाली उतरती ठेवा, म्हणजे आत जमलेले पाणी डब्याकडे येत नाही. बसवून झाल्यावर डब्यावर हवेच्या दिशेचा बाण पक्क्या मार्करने काढा. पुढच्या वर्षी सफाईसाठी नळी काढणारा माणूस ती उलटी बसवतो, ही नेहमीची चूक आहे.

डक्टला भोके पाडताना खोक्यातले कागदी टेम्प्लेट चिकटवून होलसॉ (गोल भोक कापणारी करवत) वापरा, अंदाजाने नको. पत्र्याचा चुरा आत पडू देऊ नका. कापलेल्या कडेला जस्ताचा रंग लावा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. समुद्राजवळच्या खारट हवेत साधा स्क्रू लवकर गंजतो.

गोव्यातला खरा त्रास पावसाळ्यात सुरू होतो. सप्लाय डक्टमधली हवा १३-१४ अंशांची, आणि फॉल्स सीलिंगच्या वरची हवा उष्ण व ओलसर. थंड पत्र्यावर आणि डब्यावर घाम सुटतो, पाणी टर्मिनलपर्यंत जाते आणि पॅनेलवर फॉल्ट दिसू लागतो. म्हणून डबा इन्सुलेशनवर नव्हे, पत्र्यावर गॅस्केटसकट (फट बंद करणाऱ्या पट्टीसकट) बसवा. त्यासाठी इन्सुलेशन डब्याच्या मापानेच कापा आणि कापलेली कड अॅल्युमिनियम टेपने पूर्ण बंद करा. ती उघडी राहिली तर ओल इन्सुलेशनच्या खाली पसरत जाते आणि दोन खोल्या पलीकडे छत ठिबकते. केबल खालून, थोडा लोंबता वळसा देऊन आत घ्या. ग्लँड (केबल आत जाते तिथला आवळण्याचा भाग) घट्ट करा.

गॅस्केटची फट सप्लाय आणि रिटर्नमध्ये वेगळा परिणाम करते. सप्लायमध्ये थंड हवा बाहेर येऊन घाम वाढतो. रिटर्नमध्ये उलटे, सीलिंगवरची हवा आत ओढली जाते आणि नमुना पातळ होतो. दुसरा दोष जास्त वाईट, कारण त्याचे काहीच दिसत नाही.

वायरिंगमध्ये सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पंखा थांबवण्याचा. डिटेक्टरच्या रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) संपर्क थेट स्टार्टरच्या (पंख्याची मोटर चालू-बंद करणाऱ्या पॅनेलच्या) कंट्रोल सर्किटमध्ये किंवा व्हीएफडीच्या (पंख्याचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) सेफ्टी इनपुटवर द्या. फक्त बीएमएसच्या (इमारतीच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेच्या) प्रोग्रॅमवर विसंबू नका. अनेक पॅनेलांत हा संपर्क फक्त ‘ऑटो’च्या मार्गात जोडलेला सापडतो. कोणी सिलेक्टर ‘हँड’वर ठेवला की आग लागली तरी पंखा चालूच! दोन्ही स्थितींत पंखा थांबतो का, ते पाहिल्याशिवाय काम पूर्ण म्हणू नका. फॉल्स सीलिंगच्या वरच्या डिटेक्टरसाठी खाली दिसेल असा रिमोट इंडिकेटर आणि हात पोहोचेल असा ट्रॅपडोअरही हवा.

आता चाचणी. एएचयू चालू करून मॅनोमीटरच्या (दाबाचा फरक मोजणाऱ्या उपकरणाच्या) रबरी नळ्या डब्यातल्या दोन्ही नळ्यांना लावा. अनेक मॉडेलांत फरक ०.०१ ते १.११ इंच पाणी, म्हणजे साधारण २.५ ते २७५ पास्कल, चालतो. तुमच्या मॉडेलचे पत्रक अंतिम माना. व्हीएफडी असेल तर सर्वांत कमी वेगावरही मोजा. दिवसा बरोबर येणारा आकडा रात्री पंखा मंद झाल्यावर मर्यादेखाली जातो. डब्याला चुंबक लावून केलेली चाचणी फक्त इलेक्ट्रॉनिक्स आणि रिले तपासते. नळी उलटी असो वा तुंबलेली, ती पास होतेच. म्हणून मोजणीनंतर उत्पादकाने सांगितलेल्या एरोसोलनेही धूर द्या, आणि पंखा थांबला, डॅम्पर मिटला, पॅनेलवर बरोबर मजला दिसला, हे तिन्ही पाहा.

इमारतीत पीओपी आणि रंगकाम चालू असेपर्यंत डिटेक्टरवरचे प्लास्टिकचे झाकण काढू नका, आणि ती धूळ आवरेपर्यंत एएचयू चालवू नका. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट डक्टमध्ये हा डिटेक्टर लावूच नका. तेलकट वाफेने तो रोज वाजेल आणि मग कोणीतरी तो कायमचा बंद करून ठेवील. डासांच्या फॉगिंगचा धूर ताज्या हवेच्या जाळीतून आत शिरतो. फॉगिंगच्या वेळी ताज्या हवेचा डॅम्पर बंद ठेवा. चतुर्थीत लॉबीत धूप-कापूर जास्त झाला तर रिटर्नचा डिटेक्टर तो धरू शकतो, म्हणून आरतीची जागा रिटर्न ग्रिलपासून दूर ठेवा. एखादा डिटेक्टर तात्पुरता बंद करावाच लागला, तर वेळ आणि सही रजिस्टरमध्ये लिहा, आणि काम संपताच तो चालू करून तीही नोंद करा.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात पावसापूर्वी आणि ऑक्टोबरमध्ये पावसानंतर, डिटेक्टर हेड काढून ठेवा आणि नळ्या काँप्रेस्ड हवेने फुंकून साफ करा. गॅस्केट चेपले असेल तर बदला. नळी परत घालताना बाण पाहा, आणि मॅनोमीटरचा आकडा मागच्या वेळच्या आकड्याशेजारी लिहा. तो निम्म्यावर आला असेल तर आधी एएचयूचे फिल्टर तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.