मिस्ड कॉल म्हणजे गोळी नव्हे

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी टीबीचे रुग्ण औषध किती नियमित घेतात हे मोजायला देवगडला गेले, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरून ९९ डॉट्सचे, म्हणजे मिस्ड कॉलवरून डोस नोंदवणाऱ्या पद्धतीचे, आकडे उतरवायचे, टक्केवारी काढायची, झालं. तुमचाही बेत असाच असेल तर थांबा.

गोळी फोडली की पाकिटावरचा लपलेला नंबर दिसतो, त्यावर रुग्णाने फुकट मिस्ड कॉल द्यायचा. कॉल नाही म्हणजे डोस चुकला, असं मी धरलं. एका खलाशाचे २८ दिवसांत १९ कॉल. ६८ टक्के. टाकला 'अनियमित'मध्ये. घरी गेले तर त्याने रिकाम्या पट्ट्याच समोर टाकल्या. "गोळ्ये घेतलंय, बाय. दर्यात रेंज खंय गावता?" उरलेले ९ दिवस तो ट्रॉलरवर होता.

मग मी पट्ट्यांवर विश्वास टाकला. तेही फसलं. दुसऱ्या वाडीतल्या आजींचे २८ पैकी २८ कॉल, पट्ट्या रिकाम्या. सून चहा टाकायला आत गेली तेव्हा आजींनीच तांदळाच्या डब्यामागची वाटी काढून दाखवली. मळमळतं म्हणून गोळ्या त्यात. कॉल नातू लावायचा.

म्हणून कॉल, पट्टी आणि रुग्णाचं सांगणं यांचे रकाने वेगळे ठेवा. समुद्रातल्या दिवसांना वेगळी खूण करा; तिथे शून्य भरू नका, शून्य म्हणजे 'घेतली नाही'. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी केशरी होते, पण ती साक्ष ताज्या डोसपुरतीच. सहा महिन्यांची नव्हे. आणि भेटीचा निरोप आदल्या दिवशी धाडू नका, रातोरात पट्ट्या रिकाम्या होतात. 'गोळ्या घेता ना?' असं तर विचारूच नका. त्याला उत्तर 'हो' एवढंच असतं. 'गेल्या चार दिवसांत कुठली राहिली?' असं विचारा.

तयार प्रश्नावली हातात देणाऱ्या मार्गदर्शकांवर माझा राग आहे, लपवत नाही. मला खरं शिकवलं ते आशाताईंनी. त्यांना कुणाच्या घरात कोण फोन लावतो ते पाठ होतं.

दोन महिन्यांचे आकडे मला पुन्हा भरावे लागले. रडले. प्रबंध तरी झाला, तुमचाही होईल.

फक्त सगळी मोजणी जून-जुलैत उरकू नका. मासेमारी बंद, खलाशी घरी, रेंज भरपूर. आकडे इतके छान येतात की परीक्षक खूश होतात. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की पुन्हा जा.