आलं आंबलं की नासलं?

रविवारी सकाळी साडेसातला नाशिकच्याच सिडकोतून नणंदेचा फोन. "वहिनी, बरणीत वर पांढरं आलंय. ओतून देऊ?" मी विचारलं, पांढरं कसं? दुधावरच्या सायीसारखं की शिळ्या भाकरीवरच्या बुरशीसारखं? तर म्हणे, "पांढरं म्हणजे पांढरं." तिला फोनवर समजावता येईना, म्हणून हे लिहून काढलं.

विषय आल्याच्या बिअरचा. माल्टची खरी बिअर विनापरवाना घरी करणं आपल्याकडे गुन्हा आहे, त्यात मी पडत नाही. ही आलं, साखर, लिंबू आणि आल्याच्या सालीवरच्या यीस्टची. दोन लिटर पाण्याला शंभर ग्रॅम आलं, दोनशे ग्रॅम साखर, दोन लिंबं आणि अर्धी वाटी विरजण (किसलेलं आलं आणि साखर पाण्यात रोज चमचा-चमचा घालून आठवडाभर जोपासलेलं). थोडंसं अल्कोहोल यातही होतं, म्हणून मुलांना देत नाही आणि उपासाच्या दिवशी सासूबाईंनाही नाही.

दिंडोरी रोडच्या बाजूला एका वाइनरीच्या लॅबमध्ये मी बारा हंगाम काढले. टाकीतला नमुना आला की आधी उजेडात धरायचा, मग नाकाशी न्यायचा, जीभ सगळ्यात शेवटी. घरीही हाच क्रम ठेवा.

बुडाशी पांढरट साका बसला असेल तर ते यीस्ट आहे. गढूळपणाही चालतो. वर सपाट, पातळ, सुरकुतलेली पांढरी साय धरली असेल तर तेही एक जंगली यीस्टच. अपाय नाही, पण चव उतरते. चमच्याने काढा आणि लगेच वापरा. लव असलेले, कापसासारखे, हिरवे-निळे-काळे ठिपके दिसले तर मात्र ती बुरशी. वरची काढून खालचं गाळून घेऊ, असं कुणी सांगेल. ऐकू नका. तिचे तंतू खालपर्यंत गेलेले असतात. बरणी रिकामी करा, आलं पाण्याच्या वरती तरंगत राहिलं होतं का ते आठवा. बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात झालेली असते.

आता नाक. आल्याचा झणझणीतपणा, थोडा पावाच्या पिठासारखा वास, मागे आंबूसपणा, हा चांगला वास. सडक्या अंड्याचा आला तरी घाबरू नका, यीस्टला पोषण कमी पडलं की ते गंधकाचा वायू सोडतं. झाकण सैल करून एक दिवस थांबा. तरीही गेला नाही तर ओता. सिरक्याचा वास म्हणजे हवा लागली, आणि बहुतेक चिलटं पोचली. जानेवारी ते मार्च द्राक्षांच्या दिवसांत आमच्याकडे चिलटांचा सुळसुळाट असतो. सिरका करणारे जिवाणू तीच पायाला लावून आणतात. बरणीवर जाळी पुरत नाही, घट्ट विणीचं फडकं बांधा. असं पेय बिघडलं म्हणायचं, विषारी नव्हे. मी ते पूर्ण सिरका होऊ देते आणि कांद्यावर घालते. नखांचा रंग काढायच्या द्रवासारखा किंवा ओकारीसारखा वास आला तर पुढे काही तपासू नका, मोरीत ओता.

ओतताना तार सुटली, अंड्याच्या पांढऱ्यासारखं लोंबलं, तर जिवाणूंनी साखरेचा चिकट पदार्थ केलाय. कधीकधी ते आपोआप विरतंही. मी वाट बघत नाही.

आंबटपणा मोजायच्या पीएचच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, आकडा जितका कमी तितकं आंबट. 4 च्या खाली असेल तर निर्धास्त, 4.6 च्या वर असेल तर लिंबू घालून वाचवायच्या भानगडीत पडू नका. पण पट्टीने बुरशी माफ होत नाही.

आपल्या नाशिकची हवा मोठी फसवी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्याही खाली जातो, पाच दिवस एक बुडबुडा दिसत नाही, आणि लोक चांगली बरणी ओतून मोकळे होतात. ती नासलेली नसते, गारठलेली असते. पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवा. मे महिन्यात उलटं. एका उन्हाळ्यात काचेच्या चार बाटल्या कपाटात विसरून आम्ही कोकणात गेलो होतो. वायू साठून त्या फुटल्या. तांदळाच्या डब्यामागून काचा निघत राहिल्या, पार बैलपोळ्यापर्यंत. तेव्हापासून प्रत्येक खेपेला एक बाटली प्लास्टिकची, सोड्याची भरते. ती दाबून कडक लागली की सगळ्याच फ्रिजमध्ये. फसफसून उसळणारी बाटली नासलीच असं नाही, पण उघडायची ती गार करून, टॉवेलात गुंडाळून, मोरीवर.

आणि एक कळकणं, म्हणजे आंबटाने भांड्याचा धातू पेयात उतरणं. भांडी बाजारातून आणलेलं, कल्हई उडालेलं पितळी पातेलं आमच्याकडे आहे. त्यात एकदा मी आंबलेलं आलं फक्त तासभर काढून ठेवलं. कडेला हिरवट झाक आली. असलं पेय घोटभरही चाखू नका. बरणी-पातेलं काचेचं किंवा स्टीलचं, तिसरं काही नाही.

दुपारी नणंदेचा फोटो आला. सपाट, सुरकुतलेली साय होती. तिने ती काढली, बाटल्या भरल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसातला फोन.

"वहिनी, आता बुडाला पांढरं आलंय."