'आउटडू' आणि 'एक्सेल' : या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या माझ्या शिकवणीत परदेशी विद्यापीठांचे अर्ज तपासताना एकाच चुकीवर माझी लाल पेन्सिल सर्वांत जास्त झिजते. 'सगळ्यांपेक्षा सरस ठरली' हे वाक्य मनात धरून विद्यार्थी 'शी आउटडिड दॅन ऑल हर क्लासमेट्स' असे लिहितात. मराठीतला 'पेक्षा' त्यांना 'दॅन' लिहायला लावतो. पण 'आउटडू' या क्रियापदातल्या 'आउट'मध्येच तो 'पेक्षा' सामावलेला आहे. म्हणून मी या शब्दाचा अर्थ 'सरस ठरणे' असा सांगत नाही, 'मागे टाकणे' असा सांगतो. कोणाला मागे टाकले, या प्रश्नाचे उत्तर क्रियापदानंतर थेट लिहावे, मध्ये कोणताही शब्द घालू नये : 'शी आउटडिड ऑल हर क्लासमेट्स'. कोणत्या बाबतीत, हे सांगायचे असेल तरच पुढे 'इन' येते.

दुसरी चूक व्याकरणाची नाही आणि म्हणूनच अधिक महागात पडते. माझ्या एका विद्यार्थिनीला आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडून शिफारसपत्र हवे होते. तुमच्यासारखे या विषयात नाव काढायचे आहे, असे तिला लिहायचे होते. मोबाइलवरच्या शब्दकोशात 'उत्कृष्ट ठरणे' या अर्थाखाली जो पहिला शब्द दिसला तो तिने उचलला आणि मला न दाखवता ईमेल पाठवला : 'आय होप टू आउटडू यू वन डे.' आठवडा उलटला तरी उत्तर येईना, तेव्हा ती छापील प्रत घेऊन माझ्याकडे आली. मी 'आउटडू यू' या दोन शब्दांखाली रेघ ओढली आणि वाक्याचे मराठी करून तिला वाचून दाखवले : 'एके दिवशी तुम्हाला मागे टाकीन, अशी आशा आहे.' ती बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. 'आउटडू'मध्ये चढाओढ असते आणि समोर प्रतिस्पर्धी लागतो. 'एक्सेल' म्हणजे उत्कृष्ट ठरणे. तो ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ उंच उठणे असा आहे, आणि उंच उठायला प्रतिस्पर्धी असावाच लागतो असे नाही. आम्ही दिलगिरीच्या दोन ओळींसह 'आय होप टू एक्सेल इन धिस फील्ड' असे लिहिले, आणि दोन दिवसांत उत्तर आले. शब्दकोशातले पहिले उत्तर उचलण्याची घाई मला मुळीच मान्य नाही. अर्थाखालची उदाहरणवाक्ये वाचायला एक मिनिटही लागत नाही.

'एक्सेल माय करिअर' हे चूक आहे, कारण 'एक्सेल'ला असे कर्म चालत नाही. विषयासाठी 'इन' आणि कृतीसाठी बहुधा 'अ‍ॅट' वापरावे. नेहमीपेक्षा सरस कामगिरी केली, या अर्थाचे 'शी एक्सेल्ड हरसेल्फ' हे मात्र शुद्ध ब्रिटिश इंग्रजी आहे.

मूळ शब्दात शेवटी एकच 'एल' असतो, 'एक्सेल्ड' आणि 'एक्सेलिंग'मध्ये दोन.

'एक्सेल'च्या जागी 'एक्सीड' लिहू नये. 'एक्सीड' म्हणजे ओलांडणे, आणि तो शब्द आकडे, मर्यादा आणि अपेक्षा यांच्यासाठी आहे. वेगमर्यादा 'एक्सीड' होते, गणितात विद्यार्थी 'एक्सेल' करतो.

'हॅज आउटडिड' असे कधीही लिहू नये. 'हॅज'नंतर 'आउटडन' येते. हेच रूप 'नॉट टू बी आउटडन' या वाक्प्रचारात आहे. 'आपणही मागे राहायचे नाही म्हणून' असा त्याचा अर्थ असल्यामुळे, दुसऱ्या कोणीतरी आधी काहीतरी केलेले असेल तरच तो वापरावा.