वेगाने माझा घात केला: त्र्यंबक तेलंगांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

त्र्यंबक तेलंगांवर काम करायचं मनात असेल तर आधीच सांगते, माणूस सहजी हाती लागत नाही. फाळक्यांवर भरपूर लिहिलं गेलंय. 'राजा हरिश्चंद्र'च्या कॅमेऱ्याचं हँडल फिरवणाऱ्याला मात्र बहुतेकांनी एका ओळीत उरकलंय. त्यामुळे तेलंग शोधायचे ते चित्रीकरणातच. आणि तिथेच मी सपशेल आपटले.

प्रबंधाचं पहिलं अख्खं वर्ष मी या चित्रपटाच्या ऑनलाइन मिळालेल्या प्रतीवर काढलं. ती बघून मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं, 'चित्रण घाईचं, नट प्रसंग उरकताहेत.' चाळीस पानं! मार्गदर्शकांनी ती दोनदा वाचून पुढे पाठवली. सादरीकरणात एका ज्येष्ठ प्रोजेक्शनिस्टांनी, म्हणजे थिएटरात चित्रपट पडद्यावर दाखवणाऱ्यांनी, शांतपणे विचारलं, "बाई, कुठल्या वेगाने पाहिलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो दिवस आठवला की आजही पोटात खड्डा पडतो.

म्हणून हे सावकाश वाचा. तेव्हाचा कॅमेरा हाताने चालायचा. हँडलच्या एका फेऱ्याला साधारण आठ फ्रेम (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं), सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला 16 फ्रेम. बोलपट आल्यावर 24 चा वेग ठरला. 16 ने घेतलेलं 24 ने दाखवलं की सगळं दीडपट पळतं. आता आकडे घालून बघा. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम असतात. फूटपट्टी लावून स्वतः मोजा, एकदा मोजलं की विसरणार नाही. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागलेला 'राजा हरिश्चंद्र' 3,700 फुटांचा. 16 च्या वेगाने तो तासाच्या वर जातो, 24 ने जेमतेम 41 मिनिटं. पुस्तकांत 'सुमारे 40 मिनिटं' दिसलं की थांबा. ते कुठल्या वेगाने मोजलंय?

पण 16 हा आकडाही वेदवाक्य धरू नका. हात माणसाचा आहे. उन्हात, दमल्यावर, प्रसंग बदलल्यावर वेग बदलतो. शिवाय डिजिटल प्रतीत कुणी आधीच वेग सुधारलेला असू शकतो. एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. दर दोन फ्रेमनंतर तिसरी हुबेहूब दुसरीसारखीच आली, तर 16 चं 24 केलेलं आहे. हे न बघता तुम्ही पुन्हा वेग कमी केलात, तर नट पाण्याखाली चालल्यासारखे दिसतील. मी तेही करून बसले.

घाबरू नका, गणित चौथीचं आहे. दोन संध्याकाळी दिल्यात की डोळा तयार होतो.

आयत्या सारांशांवर आणि ऑनलाइन तुकड्यांवर प्रबंध उभा करू नका, एवढं कळकळीनं सांगते. आणि ज्यांनी आयुष्यात रीळ हातात धरलं नाही, त्यांना या विषयासाठी मार्गदर्शक घेऊ नका, नाव कितीही मोठं असो. रीळ गुंडाळत आयुष्य काढलेला माणूस एका दुपारी जे शिकवतो, ते मला वर्षभराच्या बैठकांत मिळालं नाही.

कॅमेरा फाळक्यांनी इंग्लंडहून आणलेला विल्यमसन, प्रकाश उन्हाचा, फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंकडे. हे सगळं तुम्हाला वाचायला मिळेलच. उरलेले तुकडे 1913 चे की 1917 मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचे, यावर वाद आहे. ते प्रस्तावनेतच मोकळेपणी लिहून टाका, लपवलंत तर अंगाशी येईल.

वेग ठरवायला मला सगळ्यात उपयोगी पडलं ते पाणी. तारामती आणि सख्यांचा हौदातला प्रसंग घ्या. साड्या नेसलेले पुरुष नट एकमेकांवर पाणी उडवताहेत. जलद प्रतीत ती नुसती झटापट वाटते. मी वेग थोडा थोडा उतरवत गेले आणि एका क्षणी ओंजळीतलं पाणी वर जाऊन, क्षणभर थांबून, वजनाने खाली आलं. भिजलेला पदर खांद्याला चिकटला, एका नटाने तो सावकाश सोडवला. घाई कुठेच नव्हती. ती चाळीस पानं मी त्याच रात्री काढून टाकली आणि नव्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत वेग लिहिला.