गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायला जाताय? मग आधी एवढं वाचा

डीएलएड किंवा बीएड हे शिक्षक होण्याचे कोर्स करताना इंटर्नशिप असतेच, ती कॉलेज लावून देतं, तिचं मी बोलत नाहीये. मी बोलतेय ते आपणहून, कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी, गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा इथल्या एखाद्या छोट्या मराठी शाळेत जाऊन शिकवण्याबद्दल. बीएडच्या दुसऱ्या वर्षी मी दर शनिवारी सत्तरीतल्या एका शाळेत जायचे आणि कॉलेजला सुट्टी असली की मधला एखादा दिवसही. त्यातून जे कळलं ते लिहितेय, कारण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझे पहिले दोन महिने वाया गेले नसते.

सगळ्यात आधी शाळा समजून घ्या. सरकारी प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात 30 मुलांमागे 1 शिक्षक असं आहे, आणि गावातल्या शाळेत कधी कधी सगळी मिळून 11-12 च मुलं असतात, त्यामुळे कागदावर वाटतं की इथे काय कमी आहे. पण ती मुलं चार इयत्तांची असतात आणि टीचर एकच. पहिलीचा मुलगा पेन्सिल धरायला शिकतोय तेव्हाच चौथीची मुलगी भागाकारात अडकलीय, आणि तेवढ्यात माध्यान्ह आहाराचे पाव घेऊन गाडी येते, नाहीतर भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या (तालुक्यातल्या शाळा बघणारे अधिकारी) ऑफिसातून माहिती मागणारा फोन येतो. अशा शाळेत खरी टंचाई असते ती मुलाशेजारी बसायला मोकळ्या असलेल्या माणसाची. म्हणून वह्या, कलर बॉक्स, चार्ट नाही नेलेत तरी चालेल. एक तास, तीन-चार मुलं, आणि ठरलेला दिवस, एवढं द्या.

परवानगीशिवाय जाऊ नका. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र घ्या, आधी शाळेतल्या मुख्य टीचरना भेटा, मग त्या सांगतील तसं भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगला एकदा जाऊन तोंड दाखवा, कारण गावात अनोळखी माणूस शाळेत दिसला की विचारणा होणारच आणि ती व्हायलाच हवी. ओळखपत्राची कॉपी, पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं तर मनात किंतु न आणता द्या. मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका. मूल कितीही ओरडलं तरी हात उगारायचा नाही, आरटीईच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. आणि एखाद्या मुलाला घरी किंवा कुठे त्रास होतोय असं वाटलं तर स्वतः चौकशी करत बसू नका, त्याच दिवशी टीचरना सांगा, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 नंबर लक्षात ठेवा.

बसचं आधी बघा. पणजीहून सत्तरीतल्या वाळपईपर्यंत सहज जाल, तिथून पुढे गावात जाणारी बस चुकली की तुमचा तास गेला. शाळा सकाळची असते, आणि पावसात तर अर्धा तास जास्तच धरा.

पहिल्या दिवशी शिकवू नका. खरंच. मागे बसा आणि टीचरना विचारा, "तुमच्या मते कुठल्या मुलांजवळ बसायची जास्त गरज आहे?" त्या अचूक नावं सांगतात, त्यांना सगळं माहीत असतं, फक्त हात दोनच असतात. आपण नवीन पद्धती शिकून आलोय म्हणून त्यांच्या वर्गात सुधारणा करायला गेलो तर त्या आपल्याला एक गाणं घ्यायला लावतील आणि गोड बोलून परत पाठवतील, आणि ते बरोबरच असेल.

मग वाचनाची लेव्हल बघा. असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्व्हेत 2005 पासून वापरतात ती साधी रीत पुरते: आधी पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा द्या, तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. पुस्तकातला धडा देऊ नका. माझ्याकडे तिसरीतला एक मुलगा धडा घडाघडा वाचायचा, मी खूश. मग एकदा सहज मधल्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं तर तो गप्प. त्याने वर चित्राकडे बघितलं, ओठ हलवत धडा पहिल्यापासून मनात म्हणत आला आणि त्या शब्दावर येऊन थांबला, तेव्हा कुठे सांगितलं. अख्खा धडा पाठ होता, वाचता एकही शब्द येत नव्हता. तेव्हापासून मी चित्र हाताने झाकते आणि शब्द उलटसुलट विचारते.

अशा मुलाला परत अ-आ-इ पासून सुरू करू नका, ते त्याने तीन वर्षं केलंय आणि त्याला त्याची लाज वाटते. चार-पाच अक्षरं आणि काना एवढंच घ्या, म, क, न, ल, र. यातून मामा, काका, नाक, कान, माकड नाही पण मका, कमळ नाही पण कमान, असे कितीतरी शब्द त्याच दिवशी वाचता येतात, आणि मूल पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर शब्द वाचतं तेव्हा त्याचा चेहरा बघा.

आता कोकणीचं. पुस्तक मराठी, घर कोकणी, आणि काही घरांत कन्नड किंवा लमाणी. मी फळ्यावर लिहिलं, "आईने भात शिजवला." दुसरीतली एक मुलगी ठामपणे म्हणाली, "टीचर, भात रांदिनात, शीत रांदतात." तिच्यासाठी भात म्हणजे शेतातलं, तुसासकट, आणि ताटातलं ते शीत. ती चुकलेली नव्हती, ती वाक्य समजून घेत होती! त्या दिवशी आम्ही एका कागदावर दोन रकाने केले, घरातला शब्द आणि पुस्तकातला शब्द, उदक-पाणी, सुणो-कुत्रा, शीत-भात, आणि मुलंच भराभर शब्द सांगत गेली. तो कागद वर्षभर भिंतीवर राहिला. तेव्हा "मराठीत बोल" असं सारखं दटावू नका, आधी तिला कोकणीत सांगू दे, मग मराठी वाक्य दोघांनी मिळून करा. आणि मुलं "तूं" म्हणतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कोकणीत ते आपुलकीनेच येतं.

गणितात आकडे लिहिताना मुलं त्रेचाळीस ऐकून 34 लिहितात. बरोबर आहे, आपण बोलताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना चार आधी. एकोणचाळीस तर आणखी अवघड, चाळीस कानावर येतं म्हणून 49 लिहून मोकळी होतात. "लक्ष दे" म्हणून हे सुटत नाही. माडाच्या झाडूतले हीर, म्हणजे काड्या, घ्या, सारखे तुकडे करा, दहा-दहाच्या मोळ्या रबरबँडने बांधा. त्रेचाळीस म्हटलं की आधी चार मोळ्या ठेवायच्या, मग तीन सुटे, आणि मगच लिहायचं. वजाबाकीत हातचा घ्यायची वेळ आली की मोळी प्रत्यक्ष सोडायची. चौथीतल्या एका मुलीने पहिल्यांदा मोळी सोडली, दहा हीर मोजले आणि म्हणाली, "म्हणजे हातचा हा असतो?" ती तोपर्यंत दोन वर्षं हातचा घेत होती.

निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान 2021 साली सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं हेच त्याचं ध्येय, त्यामुळे टीचरना रिपोर्ट द्यायलाही तुमच्या नोंदी उपयोगी पडतात.

आठवड्यातून एकच दिवस जाता येत असेल तर मधले दिवस रिकामे जाऊ देऊ नका. मी चौथीतल्या दोघींना तयार केलं, माध्यान्ह आहारानंतर दहा मिनिटं त्या छोट्यांकडून शब्दपट्ट्या वाचून घ्यायच्या, आणि त्यात त्या दोघींचंही वाचन सुधारलं.

आणि दिवस पाळा. परीक्षा होती म्हणून मी न कळवता दोन शनिवार गेले नाही. तिसऱ्या शनिवारी तो धडा पाठ असलेला मुलगा माझ्याजवळ बसायलाच आला नाही, खिडकीशी जाऊन बसला. त्याला परत आणायला महिना गेला, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. येता येणार नसेल तर आधीच्या शनिवारी मुलांना सांगा, फोन करून टीचरना सांगा. सुटताना मुलं विचारतात, "टीचर, तूं फाल्यां येतली मगो?" म्हणजे उद्या येशील ना, तेव्हा हो हो म्हणून निघू नका, कॅलेंडरवर त्यांच्यासमोर पुढच्या तारखेला गोल करा.

शेवटचा दिवस जानेवारीतच सांगून ठेवा. आणि जाताना एक वही टीचरकडे द्या, प्रत्येक मुलाला एक पान: कुठून सुरुवात झाली, आता काय वाचतो, कुठे अडतो. माझ्या वहीत त्या मुलाच्या पानावर शेवटची ओळ अशी होती: जोडाक्षरं सोडून उतारा वाचतो, चित्र न बघता, 'र' चे प्रकार अजून घ्यायचे आहेत.