अंधुक हॉलमधला खेळ टिपताना
इनडोअर सामन्याचे फोटो हलले, तरी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवायला बरेच जण कचरतात. कचरू नका. आयएसओ वाढवून दाणेदार झालेला फोटो नंतर साफ करता येतो, हललेला नाही. शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) १/५०० सेकंदापेक्षा मंद नको. बॅडमिंटनच्या स्मॅशला १/१००० तरी हवा. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) लेन्सला जमेल तेवढं उघडं ठेवा आणि आयएसओ ३२००, ६४००, जिथे जाईल तिथे जाऊ द्या. दिवे लुकलुकत असतील तर एकाच बर्स्टमधला (सलग झटपट काढलेल्या फोटोंतला) एक फोटो उजळ, दुसरा काळपट येतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

तेवढाही उजेड नसेल तर? उडी मारलेला खेळाडू सर्वांत वर पोचला की निमिषभर जवळजवळ थांबतो. बटण तेव्हा दाबा. १/२५० वरही चेहरा स्वच्छ मिळतो, फार तर हाताचा पंजा पुसट होईल. (मला तो पुसट पंजा आवडतोच.) फ्लॅश मात्र बॅगेतच बरा, खेळाडूंचे डोळे दिपतात.