मुरुमांसाठी तज्ज्ञ डॉक्टर, खिशाला झेपेल असा

खासगी दवाखान्याची फी परवडत नसेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातली त्वचारोग ओपीडी गाठा. रांग मोठी असते, पण शिकाऊ डॉक्टरांच्या पाठीशी अनुभवी तज्ज्ञ असतात. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, अगदी पिळून चपट्या झालेल्यासुद्धा. एखादीत स्टेरॉइड असेल तर मुरुमं त्यानेच वाढलेली असू शकतात, आणि लेबल पाहिलं की डॉक्टरांना ते लगेच कळतं. औषध जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडऐवजी त्यातल्या मूळ घटकाच्या नावाने लिहून मागा, जसं ॲडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड. मग स्वस्त ब्रँड निवडता येतो. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे १५ दिवसांतच डॉक्टर बदलून पुन्हा फी भरू नका. दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडत असतील, तर मात्र आजच नंबर लावा.